नवी आवृत्ती घ्यावी काय?

यंदाच्या दिवाळीच्या सुटीत आम्हां पाच सोबत्यांपुढे एक प्रश्न येऊन ठाकला. एका खेळाच्या नियमांचे जे पुस्तक आम्ही दोन वर्षे वापरीत होतो त्याची नवी आवृत्ती निघाली होती. ती विकत घ्यावी की घेऊ नये, एवढाच तो प्रश्न. वडील मंडळींस विचारला असता तर अर्ध्या मिनिटात ‘नको’ असे उत्तर मिळून तो निकालात निघाला असता. आम्हांस मात्र त्यास सात आठवडे लागले, तीन वेळा मते घ्यावी लागली, आणि मध्यंतरी आमच्यापैकी दोघांचे आपसांत बोलणेही बंद झाले.

ज्या वाचकांस हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याचे इंग्रजी नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. आम्ही आपसांत त्यास ‘भुयार’ म्हणतो. पाच-सहा जणांनी एका मेजाभोवती बसावयाचे. एकाने सूत्रधार व्हावयाचे व बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यावयाचे. सूत्रधार म्हणतो, “तुमच्यापुढे लोखंडी दार आहे, पलीकडून पाण्याचा आवाज येतो आहे, काय करता?” मग ज्याने त्याने आपले पात्र काय करील ते सांगावयाचे. काम अवघड असेल तर वीस पैलूंचा फासा टाकावयाचा, आलेल्या आकड्यात पात्राच्या अंगचा गुण मिळवावयाचा, आणि सूत्रधाराने मनात धरलेली संख्या गाठली तर काम फत्ते झाले. यात कोणी जिंकत नाही व कोणी हरत नाही. कीर्तनकार आख्यान लावीत असता श्रोत्यांनीच उठून अर्जुन, भीम व्हावे आणि पुढची कथा बुवांच्या हातून काढून घ्यावी, तसा काहीसा हा प्रकार आहे. बुवांचे जे हाल होतील तेच आमच्या सूत्रधाराचे होत असत.

आमचा सूत्रधार दहावीत आहे, आम्ही बाकीचे नववीत. आमच्यांत एक चोर आहे, एक मांत्रिकीण आहे, एक पुजारी होता, आणि हे लिहिणारी लेखणी ज्याच्या हाती आहे तो लढवय्या. ही सर्व पात्रांची नावे समजावी; चोराच्या वडिलांनी उगाच मनास लावून घेऊ नये. इंग्रजी पुस्तकातील किल्ले व गुहा आम्हांस फारशा रुचेनात, म्हणून सूत्रधाराने सातवीच्या सहलीत पाहिलेला देवगिरीचा किल्लाच आमच्या खेळात आणला. हा किल्ला शहरापासून अवघा पंधरा किलोमीटर. चहूंकडे तासलेला कडा, भोवती खंदक, आत शिरावयास एकच पूल, आणि त्यापुढे ती प्रसिद्ध अंधारी. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांस वर्णन नको. दुपारी बारा वाजताही हात दिसत नाही, वाट वळत-वळत वर चढते, डोक्यावर वटवाघळे चीत्कारतात, आणि मशाल घेतलेला वाटाड्या सांगतो की वरच्या तोंडाशी लोखंडी झाकणावर शेगडी पेटवून शत्रूला धुराने कोंडीत असत. अलाउद्दीन खिलजीने १२९६ साली ज्या देवगिरीस वेढा घातला, महंमद तुघलकाने १३२७ साली जेथे आपली राजधानी आणली, त्या गडात आमची पात्रे गेली दोन वर्षे वर चढत आहेत व अद्याप माथ्यावर पोचलेली नाहीत. इतिहासाचे आमचे सर म्हणाले की खिलजीसही इतका वेळ लागला नव्हता.

आता प्रश्न उद्भवला तो असा. आमचे पुस्तक आमचे नव्हतेच. ते सूत्रधाराच्या दादाचे. दादाने पुण्यास शिकत असताना ते घेतले. २०१४ सालची आवृत्ती, तीनशे वीस पाने, पाठीची शिवण उसवलेली व तिच्यावर चिकटपट्टीचे तीन थर. दहावी झाली की सूत्रधार अकरावीसाठी लातूरला जाणार हे घरी ठरले होते. दादाने पुस्तक परत मागितले. म्हणजे जूनपासून आमच्याजवळ सूत्रधारही नाही व पुस्तकही नाही, अशी अवस्था येणार. सूत्रधार आपल्यातून कोणी करता येईल. परंतु पुस्तक हवेच, आणि घ्यावयाचेच तर जुन्याचीच दुसरी प्रत शोधावी की नवे घ्यावे?

या खेळाच्या आवृत्त्यांचा इतिहास लहान नाही. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या गावी गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ प्रथम छापून निघाला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, आणि पहिल्या छपाईच्या प्रती एक हजार. पुढे नियम वाढले, खेळ वाढला, मालक बदलले. १९८९ साली दुसरी आवृत्ती आली, २००० साली तिसरी, तिला तीनच वर्षांत ठिगळ लावावे लागले. २००८ साली चौथी, २०१४ साली पाचवी. खेळास पन्नास वर्षे पूर्ण झाली त्या २०२४ च्या सप्टेंबरात खेळाडूंचे नवे पुस्तक आले. त्यावर सहावी असा आकडा घालण्याचे प्रकाशकांनी टाळले आहे. जुन्या साहसकथा नव्या पुस्तकानेही खेळता येतील असे ते सांगतात. याचा अर्थ आमच्या चोराने असा केला की जुन्यानेही भागते, व मांत्रिकिणीने असा केला की नवे घेण्यास काहीच हरकत नाही.

पालकांच्या माहितीसाठी यांतील एक गोष्ट येथेच सांगतो. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील काही धर्मनिष्ठ मंडळींनी या खेळावर मोठे काहूर उठविले; त्यात सैतान आहेत, मुले बिघडतात, असे त्यांचे म्हणणे. त्याचा परिणाम असा झाला की १९८९ च्या आवृत्तीत सैतान, राक्षस या अर्थाचे शब्दच गाळले गेले व त्या प्राण्यांस उच्चारण्यास कठीण अशी दुसरी नावे मिळाली. २००० साली ते शब्द मुकाट्याने परत आले. आमच्याही एका घरी ही शंका निघाली, तेव्हा आम्ही पुस्तक फादरांपुढे नेऊन ठेवले. त्यांनी ते दोन दिवस ठेवून घेतले. परत देताना त्यांनी एवढेच विचारले की, रविवारी खेळता तर शनिवारी अभ्यास होतो काय? यावर आम्ही जे उत्तर दिले ते येथे छापण्यासारखे नाही.

नव्या पुस्तकाच्या बाजूने मांत्रिकीण बोलत असे आणि तिचे म्हणणे मुद्देसूद असे. नवे पुस्तक ३८४ पानांचे. पात्र कसे रचावे हे त्यात पायरीपायरीने सांगितले आहे, जुन्यात ते शोधत फिरावे लागे. जखम भरण्याचा जो पहिला मंत्र, त्यास पूर्वी आठ पैलूंचा एकच फासा मिळे, आता दोन मिळतात. परंतु तिचा खरा मुद्दा निराळा होता. जुन्या पुस्तकात पात्राचे बळ, चापल्य, बुद्धी हे गुण त्याच्या जातकुळीवरून वाढत. बुटक्यांच्या कुळात जन्मला म्हणून तो काटक, वनदेवांच्या कुळात जन्मला म्हणून तो चपळ. नव्या पुस्तकात ही वाढ जन्मावर ठेविलेली नाही. पात्र पूर्वी काय करीत होते, शेत कसत होते की जहाजावर होते की लेखनिक होते, त्यावरून ती ठरते. “नांगर धरून हात बळकट होतात, कुळाने नव्हे,” असे ती म्हणाली. यावर आमच्यापैकी कोणासही उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचत नाही.

तिचा दुसरा मुद्दा पुजाऱ्यासंबंधी होता. गेल्या पावसाळ्यात अंधारीच्या दुसऱ्या वळणावर आमचा पुजारी पडला. कंदील त्याच्या हाती म्हणून तो पुढे होता. वळणाआड धनुर्धारी दबा धरून बसले होते. जुन्या नियमाप्रमाणे ज्यास अवचित गाठले त्याची पहिली पाळी फुकट जाते. त्यास हलता येत नाही की हात उचलता येत नाही. त्यास तीन बाण लागले. मग जगण्यासाठी जे फासे टाकावयाचे त्यांत तीन चुकले की पात्र गेले. त्याचे तीनही चुकले. जखमा भरण्याची विद्या आमच्यात एकट्या पुजाऱ्यालाच येत होती, त्यामुळे आम्ही नुसते पाहत राहिलो. नव्या नियमात अवचित गाठलेल्याची पाळी बुडत नाही. पाळीचा क्रम ठरविताना त्यास दोनदा फासा टाकून त्यांतील लहान आकडा घ्यावा लागतो, एवढेच. मांत्रिकिणीने कागदावर सर्व हिशेब मांडून दाखविला की नव्या पुस्तकाने पुजारी मागे सरून वाचला असता. त्या दिवशी आम्ही सर्वांनी पुजाऱ्याकडे पाहिले. आता हा नव्या आवृत्तीस मत देणार यात आम्हांस शंका उरली नाही.

त्याने विरुद्ध मत दिले, आणि तिन्ही वेळा दिले.

त्याची कारणेही कच्ची नव्हती. आपले पात्र गेल्यापासून तो सूत्रधाराशेजारी बसून राक्षसांचे फासे टाकी व वही सांभाळी. ही वही म्हणजे आमची दोनशे पानी नोंदवही. तीत इंग्रजी शब्दांस आम्ही योजलेले मराठी शब्द आहेत, प्राणांक, बचावाचा फासा, चिलखत-अंक असे. देवगिरीचे नकाशे आहेत. आणि कोणता नियम पुस्तकाच्या कोणत्या पानावर आहे याची सूची आहे. दबा धरण्याचा नियम पान १८९ वर, हे आम्हांस आता जन्मभर विसरणे नाही. नवे पुस्तक घेतले की ती सगळी सूची व्यर्थ. शिवाय, पुजारी म्हणे, दहा वर्षांनी प्रकाशक पुन्हा नवी काढतील. आपण कितीदा घ्यावयाची? आणि एका पुस्तकाने कोठे भागते? सूत्रधाराचे पुस्तक वेगळे, राक्षसांचे वेगळे. तीनही नवी निघाली आहेत. या शेवटच्या मुद्द्याने आम्ही गप्प झालो, कारण विक्रेत्याने एका पुस्तकाचेच चार हजार दोनशे रुपये सांगितले होते. पाचांत वाटले तर प्रत्येकी आठशे चाळीस. लातूरला जाणाराही आपला वाटा देण्यास तयार होता, हे त्याच्या मोठेपणास साजेसे होते.

मांत्रिकिणीचे आजोबा आमचा वाद ऐकत झोपाळ्यावर बसलेले असत. ते अद्याप देशी पद्धतीचे बुद्धिबळ खेळतात. त्यात प्यादे पहिल्या चालीसही एकच घर सरकते. युरोपात कित्येक शतकांपूर्वीच ते दोन घरे चालू लागले, पण ही नवी आवृत्ती आजोबांनी घेतलेली नाही. त्यांच्याशी खेळावयाचे तर त्यांच्या नियमाने खेळावे लागते, आणि तरीही ते आम्हांस हरवितात. परंतु या उदाहरणाने कोणती बाजू सिद्ध होते ते आम्हांस ठरविता आले नाही.

खरी वाट दाखविली ती चोराच्या वडिलांनी. ते येथील खंडपीठात एका वकिलांकडे कारकून आहेत. एके दिवशी आमची भांडाभांड ऐकून ते हसले व म्हणाले, “आमच्याकडेही नवी आवृत्ती आली, बाळांनो, आम्हांस मात्र मते घेण्याची सोय नव्हती.” १८६० सालची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. पाचशे अकरा कलमांची तीनशे अठ्ठावन्न झाली. खुनाचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, फसवणुकीचे ४२० होते ते ३१८ झाले. लोक लबाडास चारशेवीस म्हणत आले आहेत, ते आता तीनशेअठरा म्हणू लागतील असे काही दिसत नाही. आम्ही विचारले की मग जुनी पुस्तके रद्दीत घातली काय? ते म्हणाले, “मुळीच नाही. दोन्ही एकाच फळीवर आहेत. जो गुन्हा त्या तारखेपूर्वी घडला त्याचा न्याय जुन्या पुस्तकाने, जो नंतर घडला त्याचा नव्याने. आधी तारीख पाहावयाची, मग पुस्तक उघडावयाचे.” मग पुजाऱ्याकडे वळून त्यांनी विचारले, “तुझा माणूस कोणत्या तारखेस मेला?”

“ऑगस्टात,” पुजारी म्हणाला.

“आणि जुन्या पुस्तकावर खेळत होता? मग तो मेला.”

पुजारी मोठ्याने हसला. त्याचे पात्र गेल्यापासून त्यास इतके हसताना आम्ही पाहिले नव्हते.

येणेप्रमाणे एक गोष्ट ठरली : देवगिरीची स्वारी जुन्याच नियमांनी शेवटास न्यावयाची, आणि जूनपासून जी नवी कथा सुरू होईल तिला नवे नियम लावावयाचे. राहिला पैशाचा प्रश्न. वाटे जमा करण्याचे ठरले तेव्हा चार जणांचे आले, पुजाऱ्याचा आला नाही. त्याने मत विरुद्ध दिले म्हणून हट्टाने देत नाही, असे आम्हांस वाटले. चोर तसे बोललाही. त्यानंतर सूत्रधार वही आणण्यासाठी पुजाऱ्याच्या घरी वाळूजकडे गेला असता त्याच्या आईच्या बोलण्यातून कळले की त्याचे वडील ज्या कारखान्यात आहेत तेथील ओव्हरटाइम दिवाळीपासून बंद झाला आहे, आणि या मुलाने सहलीचे पैसेही यंदा मागितले नाहीत. सूत्रधाराने हे पंधरा दिवस पोटात ठेविले. नंतर आम्हां उरलेल्यांस सांगितले, तेव्हा चोर ताबडतोब म्हणाला की चौघांनीच पैसे भरावे. मांत्रिकीण म्हणाली की तसे केले तर पुजारी पुन्हा खेळावयास येणार नाही. येथूनच त्या दोघांचे बोलणे बंद झाले. दोघांचाही हेतू चांगला होता, त्यामुळे समेट करणे फार अवघड गेले.

आम्हांस लाज वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. तीन वेळा मते घेतली, तिन्ही वेळा त्याने मुद्दे मांडले, आणि ज्या एका कारणासाठी तो ते मांडीत होता ते आमच्यापैकी कोणाच्याही मनात आले नाही. त्याचे मुद्दे मात्र त्यामुळे खोटे ठरत नाहीत. सूची व्यर्थ गेली असती हे खरेच आहे. (हा मजकूर पुजाऱ्यास दाखवूनच छापावयास दिला आहे. त्याने एक वाक्य खोडले व सूचीविषयीचे वाक्य स्वतः घातले.)

तोड मांत्रिकिणीस सापडली. २०२३ सालच्या जानेवारीत या खेळाच्या मालकांनी, इतरांनी त्यांच्या नियमांवर आधारून लिहावे की नाही, याविषयीच्या अटी कडक करण्याचे मनात आणले. जगभरच्या खेळाडूंनी इतका ओरडा केला की मालकांनी माघार घेऊन जुन्या नियमांचा गाभाच सर्वांस मोकळा करून दिला. मूळ कर्त्याचा निर्देश केला म्हणजे तो कोणीही छापावा, वाटावा, त्यावर लिहावे. एप्रिल २०२५ मध्ये नव्या नियमांचा गाभाही तसाच मोकळा झाला. ज्या वस्तूसाठी आम्ही चार हजार दोनशे रुपये गोळा करीत होतो तिचा मोठा भाग फुकट मिळत होता, आणि सात आठवड्यांत हे कोणी पाहिले नव्हते.

मोठा भाग, सर्व नव्हे. चित्रे त्यात नाहीत, आणि नव्या पुस्तकातील चित्रे फार सुरेख आहेत असे ऐकतो. प्रत्येक पेशाच्या चार शाखांऐवजी एकच दिली आहे. पात्राची पूर्वायुष्ये पुस्तकात सोळा आहेत, या मोकळ्या भागात अवघी चार. आणि त्या चारांत शेतकरी नाही! ज्या मुद्द्यावर मांत्रिकिणीने आम्हांस निरुत्तर केले होते तोच नेमका गळालेला. ती दोन दिवस खिन्न होती. तिसऱ्या दिवशी सूत्रधार म्हणाला की आपले आजोळ कन्नड तालुक्यात आहे, कापूस वेचणे व बैल आवरणे यांनी माणसास काय येते हे अमेरिकेतून विचारून घेण्याचे कारण नाही. वहीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर आम्ही आमचा शेतकरी लिहून काढला. त्यास बळ व काटकपणा मिळतो, आभाळ पाहून पाऊस सांगता येतो, आणि बाजारात भाव करताना बचावाचा फासा टाकावा लागत नाही. या शेवटच्या कलमावर सूत्रधाराच्या मामांनी हरकत घेतली आहे. शेतकऱ्यास भाव मिळतो हे आपण कधी पाहिले नाही, असे ते म्हणतात. तरी ते कलम बदलावे लागेल असे दिसते.

औरंगपुऱ्यातील झेरॉक्सच्या दुकानात आम्ही लागतील तेवढीच ऐंशी पाने छापून घेतली व त्यांस स्पायरल करून घेतले. खर्च दोनशे रुपये, प्रत्येकी चाळीस. पुजाऱ्याने आपले चाळीस सर्वांच्या आधी दिले. नवे पुस्तक आम्ही घेतले नाही. ते दुकानात जाऊन हाताळण्याची इच्छा मात्र आमच्यापैकी निदान तिघांस अजून आहे, आणि पुढच्या दिवाळीस ती पुन्हा डोके वर काढील.

जूनपासून सूत्रधार कोण, याची मते घ्यावी लागली नाहीत. वही ज्याच्या हाती, राक्षसांचे फासे ज्याच्या हाती, तोच. त्याने ऐंशी पानांस खाकी कागदाचे आवेष्टन घातले असून पहिल्या पानापासून नवी सूची करावयास घेतली आहे.

जुनी स्वारी मात्र अद्याप संपलेली नाही. दहावीची परीक्षा जवळ आली म्हणून सूत्रधाराच्या आईने फासे कुलपात ठेविले आहेत, आणि ते योग्यच आहे. शेवटच्या रविवारी आम्ही अंधारीच्या वरच्या तोंडाशी पोचलो होतो. झाकण बंद आहे. त्यावर शेगडी पेटली आहे आणि धूर खाली उतरू लागला आहे. परीक्षा संपेपर्यंत आमची तीन पात्रे तेथेच श्वास कोंडून उभी राहतील.

— इयत्ता नववीतील विद्यार्थी